विश्लेषण : ऑलिम्पिकमध्ये वायरलेस माइकलाही परवाना का लागतो? बोटींच्या शर्यतीत सुरू झालेली मार्कोनीची कहाणी

ऑलिम्पिक किंवा फुटबॉल विश्वचषकाचे उद्घाटन होण्याच्या कित्येक महिने आधी एक वेगळीच स्पर्धा सुरू झालेली असते. ती असते हवेतल्या जागेसाठी. जगभरातून येणाऱ्या वाहिन्यांचे वायरलेस माइक आणि कॅमेरे, पंचांच्या कानातले हेडसेट, संघांचे वॉकीटॉकी, पोलीस आणि रुग्णवाहिकांची यंत्रणा या सगळ्यांना एकाच वेळी, एकाच स्टेडियममध्ये रेडिओ लहरी लागतात. त्यामुळे यजमान देश अशा उपकरणांसाठी तात्पुरते परवाने देतो आणि परवान्याबाहेर वापरलेले उपकरण बंद करायला लावतो. हा नियम नसता तर काय झाले असते, याची कल्पना करण्याची गरज नाही. १९०१ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या समुद्रात ते प्रत्यक्ष घडले आहे. त्या घटनेच्या केंद्रस्थानी होता गुग्लिएल्मो मार्कोनी. वायरलेसचे पहिले मोठे प्रयोग त्याने खेळांच्या स्पर्धांमध्येच करून दाखवले. आणि हवा सगळ्यांची आहे हे मान्य करायला त्याच्या कंपनीने सर्वांत जास्त वेळ घेतला.

तात्पुरता परवाना म्हणजे नेमके काय?

एखादी वाहिनी स्पर्धेसाठी परदेशात जाते तेव्हा तिला प्रत्येक वायरलेस उपकरणाची माहिती आधी कळवावी लागते. कोणती फ्रिक्वेन्सी, किती पट्टा, किती शक्ती, कोणत्या मैदानावर, कोणत्या तारखांना, असा तो अर्ज असतो. सगळे अर्ज एकत्र ठेवून नियामक संस्था जागा वाटून देते. मग उपकरणांची तपासणी होते. पॅरिस २०२४ च्या वेळी फ्रान्सची फ्रिक्वेन्सी संस्था उपकरणे तपासून त्यांवर स्टिकर लावत होती. स्पर्धा सुरू असताना अँटेना घेऊन फिरणारी पथके आगंतुक सिग्नल शोधत असतात.

इथे हौशी प्रवाशांचीही फसगत होते. अमेरिकेत दुकानातून घेतलेले साधे वॉकीटॉकी ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. युरोपात त्या फ्रिक्वेन्सी सर्वसामान्यांसाठी खुल्या नाहीत, तिथे ४४६ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे. भारतातही ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढाच अरुंद पट्टा कमी शक्तीच्या वॉकीटॉकीसाठी परवानामुक्त आहे. भारतात फ्रिक्वेन्सी वाटपाचे काम दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखा करते. परदेशी वाहिन्यांनी सामन्यांसाठी आणलेल्या सामानाची गाठ याच शाखेशी पडते.

एकाच घरात दारू-उद्योग आणि जमीनदारी

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतल्या बोलोन्या शहरात झाला. वडील जुझेप्पे हे जमीनदार. आई ॲनी ही आयर्लंडच्या जेमसन घराण्यातली. हो, व्हिस्कीवाले जेमसन तेच. हा तपशील गंमत म्हणून सांगितला जातो, पण पुढच्या कथेत तो फार महत्त्वाचा आहे. मार्कोनीला पैसा, ओळखी आणि इंग्रजी भाषा तिन्ही आईकडून मिळाले.

विद्यापीठात त्याने रीतसर शिक्षण घेतले नाही. १८९४ मध्ये हाइनरिश हर्ट्झच्या मृत्यूनंतर त्याच्या विद्युतचुंबकीय लहरींबद्दल सर्वत्र लिहिले जात होते. मार्कोनीने ते वाचले आणि पोंतेक्कियो इथल्या घराच्या माळ्यावर प्रयोग सुरू केले. शास्त्रज्ञांना या लहरींचे गुणधर्म हवे होते, या विशीतल्या मुलाला त्यांतून तारेविना तार पाठवायची होती. १८९५ मध्ये त्याने अँटेनाचे एक टोक उंच नेले, दुसरे जमिनीला जोडले आणि अंतर झपाट्याने वाढले. टेकडीपलीकडे सिग्नल पोहोचल्याची खूण म्हणून बंदुकीचा बार काढण्यात आला, असे सांगितले जाते.

मार्कोनीने सगळे शून्यातून शोधले असे मानणे मात्र चूक ठरेल. ठिणगीचा ट्रान्समीटर हर्ट्झचा होता. लहरी ओळखणारी कोहेरर नावाची धातूच्या किसाची नळी ब्रानली आणि लॉज यांच्या कामातून आलेली होती. कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी त्याच काळात याहून सूक्ष्म लहरींवर काम केले होते. मार्कोनीचे कौशल्य जोडणीत होते, अंतर वाढवण्यात होते आणि ते विकण्यात होते.

१८९६ मध्ये आई त्याला घेऊन लंडनला गेली. जूनमध्ये पेटंटचा अर्ज झाला. ब्रिटिश पोस्ट खात्याचा मुख्य अभियंता विल्यम प्रीस याने त्याला पाठबळ दिले. मे १८९७ मध्ये ब्रिस्टल खाडीत पाण्यावरून संदेश गेला. जुलैमध्ये एक लाख पौंड भांडवलाची कंपनी उभी राहिली. त्यात जेमसनांच्या नात्यागोत्यातला पैसा मोठा होता. पोस्ट खात्याला वाटत होते हा शोध आपल्याकडे येईल. तो खासगी कंपनीकडे गेला.

पहिले ‘लाइव्ह’ वार्तांकन कुठे झाले?

कंपनी होती, पण गिऱ्हाईक नव्हते. जमिनीवर तारेचे जाळे होतेच आणि ब्रिटनमध्ये पैसे घेऊन तार पाठवण्याचा एकाधिकार पोस्ट खात्याकडे होता. तार जिथे पोहोचू शकत नाही अशी एकच जागा उरत होती, ती म्हणजे समुद्र. समुद्रावर लोकांना तातडीने काय हवे असते? शर्यतीचा निकाल.

जुलै १८९८ मध्ये आयर्लंडच्या किंग्जटाउन बंदरात, म्हणजे आजच्या डन लीरीमध्ये, शिडाच्या बोटींच्या शर्यती होत्या. डब्लिनच्या ‘डेली एक्स्प्रेस’ या वृत्तपत्राने मार्कोनीला त्यांचे वार्तांकन करायला सांगितले. त्याने ‘फ्लाइंग हंट्रेस’ नावाची वाफेवर चालणारी लहान बोट भाड्याने घेतली, तिच्या डोलकाठीवर अँटेना चढवली आणि शर्यतीच्या मागे मागे निघाला. समुद्रातून संदेश किनाऱ्यावर यायचे, तिथून टेलिफोनने कचेरीत जायचे. बोटी बंदरात परतण्याआधी त्यांचे निकाल सायंकाळच्या अंकात छापून आलेले असायचे. या काळात सातशेहून अधिक संदेश गेले.

भाड्याची बोट, तात्पुरती अँटेना, किनाऱ्यावर तात्पुरते केंद्र आणि काम संपले की सगळे गुंडाळून परत. आजची वाहिन्यांची ओबी व्हॅन दुसरे काय करते? फरक एवढाच की मार्कोनीला कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही. हवेत दुसरे कोणी नव्हतेच.

पुढच्याच महिन्यात राजघराण्याचे बोलावणे आले. युवराज, म्हणजे पुढचा राजा सातवा एडवर्ड, गुडघा दुखावल्याने काउज इथे राजेशाही बोटीवर पडून होता आणि राणी व्हिक्टोरिया जवळच्या ऑसबोर्न हाउसमध्ये होती. मार्कोनीने दोघांना वायरलेसने जोडले. १६ दिवसांत सुमारे १५० संदेश गेले, बहुतेक तब्येतीच्या चौकशीचे. यापेक्षा स्वस्त जाहिरात कोणत्याही कंपनीला मिळाली नसेल.

अमेरिकेने त्याला बोलावले तेही शर्यतीसाठीच. ऑक्टोबर १८९९ मध्ये अमेरिका कप होता. अमेरिकेची ‘कोलंबिया’ आणि चहावाले सर थॉमस लिप्टन यांची ‘शॅमरॉक’ यांच्यातली ही लढत होती. ‘न्यूयॉर्क हेरल्ड’चा मालक जेम्स गॉर्डन बेनेट याने ५ हजार डॉलर देऊ केले. ‘पॉन्स’ या जहाजावरून मार्कोनीने संदेश पाठवले आणि न्यू जर्सीच्या नेव्हसिंक दीपगृहाजवळ ते पकडले गेले. कोलंबिया जिंकली, हेरल्डचा खप वाढला आणि पंचविशीतला मार्कोनी न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाला.

मग अडचण कुठे होती?

अडचण अमेरिकी नौदलाच्या लक्षात आली. शर्यत संपल्यावर नौदलाने दोन युद्धनौकांवर मार्कोनीच्या यंत्रांची चाचणी घेतली. एकच केंद्र बोलत असेल तर सगळे उत्तम चालायचे. दोन केंद्रे एकदम बोलू लागली की रिसीव्हरच्या कागदी पट्टीवर नुसता गोंधळ उमटायचा. यावर उपाय आहे, असे मार्कोनीचे म्हणणे होते. पण पेटंट व्हायचे असल्याने तो दाखवायला तयार नव्हता. नौदलाने खरेदी केली नाही.

हे समजून घ्यायला विसर्जन मिरवणूक आठवावी. चौकात दोन मंडळांचे डीजे समोरासमोर आले की कोणते गाणे चालू आहे हे कळत नाही. सुरुवातीचे ठिणगीचे ट्रान्समीटर असेच होते. ठिणगी पडली की ऊर्जा एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर जात नसे, ती फार मोठ्या पट्ट्यावर सांडायची. आणि कोहेरर इतका भोळा होता की जे येईल ते घ्यायचा. पाठवणाऱ्याला बारीक जागेत बसवायचे आणि ऐकणाऱ्याला निवडक करायचे, तर दोघांची सर्किट एकाच लयीत आणावी लागतात. झोका द्यायला योग्य क्षणी ढकलावे लागते, तसे. ऑलिव्हर लॉजने १८९७ मध्येच याचे पेटंट मागितले होते. मार्कोनीने एप्रिल १९०० मध्ये आपल्या सुधारित पद्धतीसाठी अर्ज केला. ते पेटंट ७७७७ या क्रमांकामुळे ‘फोर सेव्हन्स’ म्हणून ओळखले जाते.

पण पेटंट मिळाले म्हणून समुद्रातली गर्दी थांबत नाही.

१९०१ च्या शर्यतीत काय घडले?

१९०१ चा अमेरिका कप सप्टेंबरअखेर सुरू झाला. राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्या हत्येमुळे तो आधीच लांबला होता. या वेळी कोलंबियासमोर ‘शॅमरॉक दुसरी’ होती आणि हवेत एकाऐवजी तीन कंपन्या होत्या. मार्कोनी कंपनी असोसिएटेड प्रेससाठी काम करत होती. ली डी फॉरेस्ट हा तरुण अमेरिकी संशोधक प्रतिस्पर्धी वृत्तसंस्थेसाठी आला होता. तिसऱ्या कंपनीकडे कोणाचेच कंत्राट नव्हते.

पहिल्या दोघांचे सिग्नल एकमेकांवर आदळू लागले. तिसऱ्या कंपनीने तर वेगळाच डाव टाकला. तिच्यासाठी काम करणारा अभियंता ग्रीनलीफ पिकार्ड याने पुढे सांगितल्याप्रमाणे, त्यांनी शब्द पाठवण्याच्या भानगडीत न पडता लांबलचक डॅश पाठवले. डॅश किती लांब यावरून कोणती बोट पुढे आहे हे त्यांच्या माणसाला कळायचे आणि बाकीच्यांचे संदेश त्याखाली गाडले जायचे. शर्यतीच्या शेवटी तर बटणावर वजन ठेवून ते दाबलेलेच ठेवले, असेही त्याने सांगितले. पत्रकारांना अखेर झेंडे आणि हातवारे यांच्या जुन्या खुणांवर यावे लागले.

यात कोणी कायदा मोडला? कोणीच नाही. मोडण्यासारखा कायदाच नव्हता. यंत्रे बनवणाऱ्यांनी ती आणली, चालू केली आणि ज्याचा आवाज मोठा तो जिंकला. नेमके सांगायचे तर कोणीच जिंकले नाही.

मार्कोनी स्वतः तेव्हा तिथे नव्हता. तो इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या पोल्डू इथे अटलांटिकपार संदेश पाठवण्याच्या मागे होता. त्याच सप्टेंबरमध्ये वादळाने तिथले सगळे डोलारे कोसळवले. तरी १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमध्ये पतंगाला बांधलेल्या तारेवर त्याने पोल्डूहून आलेले तीन ठिपके, म्हणजे मोर्स लिपीतले एस अक्षर, ऐकल्याचा दावा केला. भरदिवसा, त्या फ्रिक्वेन्सीवर हे शक्य होते का यावर अभियंते आजही वाद घालतात. त्या वेळी वापरलेल्या पाऱ्याच्या डिटेक्टरसारखी रचना बोस यांनी १८९९ मध्येच प्रसिद्ध केली होती, हाही एक जुना वाद आहे.

१९०३ मध्ये आणखी नाचक्की झाली. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मार्कोनीचा सल्लागार जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग व्याख्यान देत होता आणि पोल्डूहून मार्कोनीचा संदेश यायचा होता. त्याआधीच यंत्रावर दुसरेच काही उमटू लागले. एकच टिंगलीचा शब्द पुन्हा पुन्हा, मग मार्कोनीची खिल्ली उडवणारी कविता. हे करणारा नेव्हिल मॅस्केलिन हा जादूगार होता आणि त्याच्या मागे समुद्रातल्या केबलची कंपनी होती. ट्यूनिंगमुळे आपले संदेश सुरक्षित आहेत हा कंपनीचा दावा भर सभेत उघडा पडला.

मार्कोनीला नियम का नको होते?

इथे मार्कोनीचा धंदा समजून घ्यावा लागतो. कंपनी जहाजांना यंत्र विकायची नाही. यंत्र आणि ऑपरेटर दोन्ही भाड्याने द्यायची. हा ऑपरेटर कंपनीचा नोकर असायचा आणि दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलायचे नाही असा त्याला आदेश असायचा. १९०१ मध्ये लॉइड्स या विमा क्षेत्रातल्या बलाढ्य संस्थेशीही मार्कोनी कंपनीने करार केला. म्हणजे जहाजमालकाने मार्कोनीचे यंत्र घेतले नाही, तर किनाऱ्यावरचे केंद्र त्याला उत्तर देणार नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर एका कंपनीच्या सिमवरून दुसऱ्या कंपनीच्या सिमला फोन लागणारच नाही. फक्त इथे फोन करणारा माणूस भर समुद्रात असे.

मार्कोनीची बाजूही होती. केंद्रे त्याने स्वतःच्या पैशाने बांधली होती आणि स्पर्धक ती फुकट वापरू पाहत होते. पण ही बाजू बंदरातल्या दुकानदाराला शोभते. बुडत्या जहाजाला ती काय सांगणार?

१९०२ मध्ये जर्मन सम्राटाचा भाऊ प्रिन्स हेन्री अमेरिकेहून परतत असताना जहाजावरून आभाराचा संदेश पाठवू शकला नाही. जहाजाचे यंत्र जर्मन होते, म्हणून मार्कोनीच्या केंद्रांनी दाद दिली नाही. जर्मनीने १९०३ मध्ये बर्लिनमध्ये परिषद बोलावली आणि नऊ देश जमले. कोणत्याही यंत्राचा संदेश किनाऱ्यावरच्या केंद्राने घेतलाच पाहिजे या मुद्द्यावर ब्रिटन आणि इटली अडून बसले. दोघांचेही मार्कोनीशी करार होते. मात्र ब्रिटनने १९०४ मध्ये घरच्या घरी कायदा करून वायरलेससाठी परवाना सक्तीचा केला.

नोव्हेंबर १९०६ मध्ये बर्लिनमध्येच पहिला आंतरराष्ट्रीय रेडिओ-टेलिग्राफ करार झाला. केंद्राने यंत्राचा मालक न बघता संदेश घ्यायचा, जहाजांसाठी ठरावीक तरंगलांबी वापरायच्या, संकटाच्या संदेशाला सर्वांत आधी वाट द्यायची आणि त्यासाठी एसओएस ही खूण वापरायची, हे त्यात ठरले. आजच्या आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीची मुळे इथे आहेत. पॅरिसमधले ते स्टिकरही याच झाडाचे.

या सगळ्या काळात मार्कोनीचा मान वाढतच होता. १९०९ मध्ये त्याला कार्ल फर्डिनांड ब्राउनबरोबर भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. ब्राउन हा प्रतिस्पर्धी जर्मन गटाचा शास्त्रज्ञ होता. लॉजचे ट्यूनिंगचे पेटंट अखेर १९११ मध्ये मार्कोनी कंपनीने विकत घेतले.

टायटॅनिकने काय बदलले?

एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिकवरचे दोन्ही ऑपरेटर, जॅक फिलिप्स आणि हॅरल्ड ब्राइड, मार्कोनी कंपनीचे होते. आदल्या दिवशी यंत्र बिघडल्यामुळे प्रवाशांच्या खासगी तारा साचल्या होत्या. त्या रात्री फिलिप्स त्या उपसत असताना जवळच्या ‘कॅलिफोर्नियन’ जहाजाने बर्फाबद्दल सांगायला सुरुवात केली. तो सिग्नल इतका जोरात आला की फिलिप्सने त्यालाच गप्प केले. थोड्या वेळाने कॅलिफोर्नियनचा एकुलता एक ऑपरेटर यंत्र बंद करून झोपला. दूरवरच्या ‘कार्पेथिया’ने हाक ऐकली आणि सातशेहून अधिक लोक वाचले. दीड हजारांच्या आसपास बुडाले. फिलिप्सही त्यांत होता.

कार्पेथिया न्यूयॉर्कला पोहोचल्यावर मार्कोनी स्वतः जहाजावर गेला आणि ब्राइडला भेटला. त्याला टायटॅनिकचेच तिकीट देऊ केले होते. तो आधीच्या दुसऱ्या जहाजाने निघून आला होता.

वाचलेल्यांसाठी मार्कोनी देवदूत ठरला. पण हवेत पुन्हा तोच १९०१ चा गोंगाट झाला होता. टायटॅनिकला ओढून हॅलिफॅक्सला नेले जात आहे अशी खोटी बातमी त्या गोंगाटातूनच पसरली. अमेरिकेने ऑगस्ट १९१२ मध्ये कायदा करून परवाना सक्तीचा केला. त्याच वर्षी लंडनच्या परिषदेत जहाजांनी एकमेकांशीही यंत्राचा भेद न करता बोलायचे हे ठरले. मार्कोनी कंपनीच्या जुन्या आदेशाला आता जागा उरली नाही.

शेवटची वर्षे

त्याच वर्षी मोटार अपघातात मार्कोनीचा उजवा डोळा गेला. १९१४ मध्ये तो इटलीच्या सिनेटवर गेला. महायुद्धानंतर ‘इलेत्रा’ ही बोट घेऊन त्याने तिच्यावर तरंगती प्रयोगशाळा थाटली. इथे तो लघुलहरींकडे वळला आणि आपणच उभारलेल्या अवाढव्य, महागड्या दीर्घलहरी केंद्रांना त्याने जुने ठरवले. लघुलहरींचा अरुंद झोत वापरणारी ‘बीम’ सेवा १९२७ मध्ये भारत आणि ब्रिटनदरम्यान सुरू झाली. तिचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि संदेश घेणारे केंद्र दौंडला होते.

त्याच्या आयुष्यातला सर्वांत अवघड भाग राजकारणाचा आहे. १९२३ मध्ये तो फॅसिस्ट पक्षात गेला. मुसोलिनीने १९३० मध्ये त्याला इटलीच्या रॉयल अकादमीचा अध्यक्ष केले, त्यामुळे तो पक्षाच्या ग्रँड कौन्सिलवरही आला. मार्कोनीने ही पदे नाइलाजाने घेतली असे म्हणायला आधार नाही.

२० जुलै १९३७ रोजी रोममध्ये हृदयविकाराने त्याचे निधन झाले. त्याच्या स्मरणार्थ ब्रिटनमधल्या बीबीसी आणि पोस्ट खात्याच्या केंद्रांसह अनेक रेडिओ केंद्रे दोन मिनिटे बंद ठेवण्यात आली. सहा वर्षांनी, जून १९४३ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘फोर सेव्हन्स’च्या अमेरिकी पेटंटमधले महत्त्वाचे दावे रद्द केले. ट्यूनिंगची कल्पना लॉज, टेस्ला आणि जॉन स्टोन यांच्या कामात आधीच होती, असा तो निकाल होता.